पत्रिका आली, माणूस आला नाही

मंडळी, गेल्या लग्नसराईत पत्रिका द्यायला तुमच्या उंबऱ्यापर्यंत किती जण आले, जरा आठवून बघा. आणि मोबाईलवर किती पत्रिका आल्या? बोटांवर मोजायची झाली तर पहिल्या प्रश्नाला एक हात पुरेल.

पूर्वी पत्रिका वाटणं म्हणजे आठ-पंधरा दिवसांचं काम. कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेल्या पत्रिका पिशवीत, सोबत अक्षता. घरोघरी जायचं, वहाणा बाहेर काढायच्या, घोंगडीवर टेकायचं. गूळ-पाणी, मग चहा. तोवर पावसाची, उसाच्या तोडीची, कुणाच्या पोरीला स्थळ आलंय त्याची बोलणी. पत्रिका द्यायला लागायचा एक मिनिट, बसणं अर्ध्या तासाचं.

त्यातही खरी गंमत भावकीत. बांधावरून भांडण झालेलं, तारखा चाललेल्या, चार वर्षं बोलणं बंद. पण पोरीचं लग्न निघालं की त्या दारात जावंच लागे. ‘आवतन दिलं नाही’ असं गावानं म्हणू नये म्हणून तरी. समोरच्याच्या कारभारणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि आलेल्यानं तो तोंडाला लावला, की निम्मा तंटा तिथंच मिटायचा. ते वकिलाला जमलं नसतं.

आता तेच आवतन मोबाईलवरून दोनशे जणांना एका दमात जातं. खाली ओळ असते, समक्ष भेटून दिल्याप्रमाणे समजावे. भावकीतल्या त्या घरीही पत्रिका पोचते. तिकडून जोडलेल्या हातांचं चित्र येतं. रीत पाळली गेली, बांध मात्र तिथंच!

मयतीचंही तसंच होऊ लागलंय. गावच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते, आणि सांत्वनाला आलेल्यांसाठी अंथरलेली सतरंजी निम्मी मोकळी राहते.

आता कुणी म्हणेल, हा इंटरनेटच्या नावानं बोटं मोडतोय. तसं नाही. सीमेवरच्या जवानाचं तोंड आईला रोज दिसतं, हे काय थोडं आहे? १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात घातलेल्या खेपांची आठवण काढून कुणी हळहळणार नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि अशी कितीतरी कामं हातातल्या हातात होऊ लागली. पण आपल्याकडं माणूस नुसतं भेटायला म्हणून क्वचितच जायचा. तो काम घेऊन जायचा आणि बोलणं त्या कामाच्या पाठीवर बसून यायचं. खेप वाचली, तशी भेटही गेली.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं यावर एक तोड काढली. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही, मोबाईल दीड तास बंद. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि पोरं त्यातच अडकली, हे मूळ दुखणं. आशाताई, अंगणवाडी सेविका घरोघर फिरून लोकांना समजावत होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यात बान्शीच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला.

बंदीपेक्षा भोंगा बरा, असं आपलं आमचं मत. तो पोरांबरोबर बापालाही लागू पडतो. पण त्या दीड तासात कुणाच्या दारात जायचं, हे भोंगा कसा सांगणार?

तुळशीचं लग्न झालं की पुन्हा पत्रिका निघतील. तुमच्या घरी कार्य असेल तर दोनशे नावांतली दहा-बारा घरं वहीत वेगळी लिहून काढा. म्हाताऱ्या आत्याचं, गेल्या साली कर्ता माणूस गेलेलं, आणि बोलणं बंद असलेलं. तेवढी पायी फिरा. बाकीच्यांना खुशाल मोबाईलवर धाडा.