पाणथळीतील अदृश्य सेवक

बऱ्हाणपूरच्या केळीबागांस आपण युरिया घालतो. त्यातील सारा नत्र पिकास लाभत नाही. जमिनीतील जंतू उरलेल्याचे नायट्रेट बनवितात व ते पाण्याबरोबर विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे, असे भारतीय मानक सांगते. अधिक झाल्यास तान्ह्या मुलांस अपाय होतो.

पाणथळ जागेतील चिखलात मात्र निराळे जंतू असतात. तेथे हवा पोचत नाही. म्हणून ते नायट्रेटमधील प्राणवायूवर जगतात आणि नत्र वायुरूपाने हवेस परत करतात. खानखानान यांच्या काळी, १६१५ साली, कुंडी भंडाऱ्याने या शहरास भूगर्भातील निर्मळ पाणी दिले. तो वारसा राखावयाचा, तर पाणथळी बुजवू नयेत, हेच आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असतो.