जुनी वही कधी मिटायची?

‘यंत्रणा अद्ययावत करण्यासाठी शनिवारी रात्रीपासून सेवा बंद राहील’ असा निरोप बँकेकडून येतो, आपण तो वाचतो आणि विसरतो. त्या रात्री आत काय चालते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

पूर्वी चेक दिला की हातात टोकन पडे. आत पासिंग ऑफिसर सही पडताळी, लेजरमधली शिल्लक पाही, मगच कॅशियर पैसे मोजी. आज मोबाइल हा काउंटर झाला आणि डेटाबेस हे लेजर. मधल्या ऑफिसरचे काम करणारे प्रोग्रॅम ज्याच्यावर चालतात, तो ॲप्लिकेशन सर्व्हर. त्यालाही निवृत्तीचे वय असते! बनवणारी कंपनी ठरावीक तारखेनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे थांबवते. मग बदलणे आलेच.

पण कसे? एक तर दुकान बंद करून एका रात्रीत जुने काढायचे, नवे बसवायचे. नाहीतर नवे शेजारी उभे करायचे, थोडे ग्राहक तिकडे वळवायचे आणि बिघडले तर माघारी आणायचे. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा काही महिने हाताचे लेजर आणि यंत्र दोन्ही चालत. संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळेपर्यंत घरी जायचे नाही. काम दुप्पट, कुरकुर चौपट. पण चूक त्याच दिवशी सापडे.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने २०१८ मध्ये मुख्यतः पहिली वाट धरली. तिथे केवळ मधला सर्व्हर नव्हे, सबंध यंत्रणाच बदलायची होती. लॉइड्स बँकेच्या संगणकांवरून नव्या मालकाच्या, म्हणजे स्पेनच्या साबादेल बँकेच्या यंत्रणेवर जायचे होते. ग्राहक सुमारे ५२ लाख. २० एप्रिलच्या शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू झाले, रविवारी संध्याकाळी दारे उघडली आणि गोंधळ उडाला. लाखो लोकांना स्वतःचे खाते उघडेना; काहींना दुसऱ्याच्याच खात्याचा तपशील दिसला. गंमत म्हणजे आकडे नीट पोहोचले होते, ते हाताळणारी यंत्रणाच भार पेलेना. दोन डेटा सेंटरपैकी भाराची चाचणी झाली होती ती एकातच. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नुकसानभरपाई ३ कोटी २७ लाख पौंड झाली आणि २०२२ मध्ये ४ कोटी ८६.५ लाखांचा दंड झाला.

म्हणून दुसरी वाट बिनधोक, असे मात्र समजू नये. नव्या प्रोग्रॅमने लेजरमध्ये नव्या पद्धतीच्या नोंदी केल्या आणि त्या जुन्याला वाचताच येईनात, तर माघारीचा रस्ता तिथेच बंद होतो. नवा सर्व्हर काढून टाकता येतो, झालेल्या नोंदी पुसता येत नाहीत. त्यामुळे जाणते लोक आधी लेजरमध्ये फक्त नवे रकाने वाढवतात, जुन्यांना हात लावत नाहीत. दोन्ही सर्व्हर काही दिवस त्याच लेजरवर काम करतात. जुने रकाने अगदी शेवटी काढायचे, आणि तेही महिनाअखेरीच्या पगाराची गर्दी नव्या सर्व्हरने एकदा तरी निभावल्यावर.