प्रवासी व्हॅनची खरेदी : गाडीआधी परवान्याचा विचार

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे सर्वपरिचित आहे. मॉयल ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी ही खाण चालविते. तालुक्याची कचेरी व मोठी बाजारपेठ तुमसरला, जिल्हा परिषद व जिल्हा रुग्णालय भंडाऱ्याला आणि मध्य प्रदेशाची सीमा हाकेच्या अंतरावर, अशी या परिसराची रचना आहे. लग्नाचे वऱ्हाड, विद्यार्थ्यांची सहल, रुग्ण व त्यांचे नातलग यांना एकत्र नेणारी गाडी येथे सदैव हवी असते. त्यामुळे कर्ज काढून मोठी प्रवासी व्हॅन घ्यावी, असा विचार एखाद्या होतकरू तरुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो सल्ल्यासाठी प्रथम सरपंचांकडे किंवा गुरुजींकडे जातो. त्यांना उपयुक्त ठरेल अशी माहिती येथे देत आहोत.

या प्रकारच्या गाड्या महाराष्ट्राला नवीन नाहीत. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या बजाज टेम्पो या पुण्याच्या कंपनीच्या तीनचाकी वाहनांमुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत रुळला. पुढे तिची ‘मॅटाडोर’ आणि १९८७ मध्ये ‘ट्रॅव्हलर’ रस्त्यावर आली. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. टाटांची ‘विंगर’ही याच वर्गातील होय. मात्र कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न दुसरा आहे. ती कोणत्या कामासाठी घ्यावयाची, हा प्रश्न पहिला.

कामावरून परवाना

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाला परवाना आवश्यक आहे. चालक सोडून सहापेक्षा अधिक व बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या भाडोत्री वाहनाला ‘मॅक्सी कॅब’ म्हणतात. अशा वाहनांना सामान्यतः कंत्राटी वाहतुकीचा परवाना मिळतो. त्याचा अर्थ असा की, संपूर्ण गाडी एका करारानुसार ठरवून घेतलेली असावी. वाटेत थांबत, प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेत प्रवासी चढविणे-उतरविणे ही टप्पा वाहतूक होय आणि कंत्राटी परवान्यावर ती करता येत नाही. गोबरवाही ते तुमसर अशा फेऱ्यांच्या उत्पन्नावर कर्जाचा हिशेब बसविणाऱ्याने हा भेद आधीच लक्षात घ्यावा.

चिखल्याच्या बाबतीत आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. तिरोडी व कटंगी ही गावे जवळ असली, तरी ती मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात आहेत. पर्यटक प्रवासी घेऊन राज्याबाहेर जावयाचे असल्यास २०२३ च्या नियमांनुसार अखिल भारतीय पर्यटक परवाना ऑनलाइन अर्जाद्वारे मिळविता येतो. शाळेची मुले नेण्यासाठी राज्याचे २०११ चे स्कूल बस नियम लागू होतात. त्यानुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असणे अपेक्षित आहे.

परवान्याकडे दुर्लक्ष झाल्यास दंडावरच भागत नाही. परवान्याविना चालविलेल्या वाहनाचा अपघात झाल्यास विमा कंपनीने भरपाई द्यावी व ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात मान्य केले आहे. म्हणजे विम्याचा हप्ता नियमित भरूनही घर-शेती गमावण्याची पाळी येऊ शकते.

किंमत व कर्ज

विक्रेत्याकडून सांगितली जाणारी शोरूम किंमत व गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर येईपर्यंतचा खर्च यांत बरेच अंतर असते. वाहन कर, नोंदणी, विमा व परवाना यांचा खर्च वेगळा मांडलेले लेखी दरपत्रक मागावे. चालकासह दहा किंवा अधिक व्यक्तींच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. तो दर लावलेला आहे की नाही, हेही तपासावे.

कर्जाचा व्याजदर ‘सरळ’ आहे की घटत्या शिलकीवर आहे, हे विचारणे अगत्याचे आहे. समजा, १० लाख रुपये पाच वर्षांसाठी सरळ ८ टक्क्यांनी घेतले. व्याज ४ लाख रुपये होईल व मासिक हप्ता सुमारे २३,३३० रुपये पडेल. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर सुमारे १४ टक्के ठरतो! महिन्यात २६ दिवस गाडी चालली, तर केवळ हप्त्यासाठी रोज सुमारे ९०० रुपये बाजूला काढावे लागतील. डिझेल, चालकाचा पगार, टायर, दुरुस्ती व विमा यांचा खर्च वेगळाच. पावसाळ्यात लग्नसराई नसते. त्या महिन्यांचा हप्ता कोठून येणार, याचे उत्तर कागदावर मांडूनच सही करावी.

ताबा घेताना

कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातच नोंदणी करावयाच्या नव्या वाहनाचा अर्ज विक्रेत्याने करावयाचा असून, नोंदणी क्रमांकाची पाटी लागल्याखेरीज गाडी मालकाच्या ताब्यात देता येत नाही. भंडारा कार्यालयाचे क्रमांक ‘एमएच ३६’ ने सुरू होतात. भाडोत्री वाहनाची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही.

चासी व इंजिन क्रमांक बिलाशी ताडून पाहावेत, निर्मितीचा महिना पाहावा. विक्री प्रमाणपत्र, विमापत्र, हमीपत्र व प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. नव्या वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते. आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. कर्ज फिटल्यावर नोंदणी पुस्तिकेतील बोजा उतरवून घ्यावयास विसरू नये. चालकाच्या बाबतीत, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे प्रवासी वाहन हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

गाडीत दोष निघाला व विक्रेत्याने दाद दिली नाही, तर काय करावे? व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वाहन घेणाऱ्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे संरक्षण आहे. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तेथे उपयोगी पडतात त्या जपून ठेवलेल्या पावत्या व लेखी पत्रव्यवहार.

यास्तव सल्ला विचारावयास आलेल्या तरुणाला पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तीन गोष्टी कागदावर लिहून आणावयास सांगावे : गाडी कोणासाठी व कोणत्या मार्गावर चालणार, त्यासाठी कोणता परवाना लागणार आणि काम नसलेल्या महिन्यात हप्ता कसा भरणार. या तिन्हींची उत्तरे जुळली, म्हणजे विक्रेत्याकडे जाण्यास हरकत नाही.