परदेशातील कॅमेरा आणि घरची वॉरंटी

सिंगापूर, दुबई किंवा जपानच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या खरेदीच्या यादीत कॅमेऱ्याला हमखास स्थान असते. सहल नसली, तरी अमेरिकेतील भाचा दिवाळीला येणार म्हटल्यावर ‘येताना एक कॅमेरा घेऊन ये’ असा निरोप जातोच. तिकडील किंमत ऐकली की इकडील दुकानदार महाग वाटू लागतो. परंतु ही तुलना बहुधा किमतीपाशीच थांबते. पेटीतील हमीपत्र नेमके कोणी दिले आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

कॅमेऱ्यावरील नाव एकच असले, तरी हमी देणारी कंपनी देशागणिक वेगळी असते. कॅनन, निकॉन, सोनी यांच्या भारतातील कंपन्या स्वतंत्र आहेत, अमेरिकेतील स्वतंत्र. भारतातील कंपनी सर्वसाधारणपणे आपण आणलेल्या आणि अधिकृत विक्रेत्यामार्फत विकलेल्या मालाचीच विनामूल्य दुरुस्ती करते. टोकियोत घेतलेला तोच कॅमेरा तिच्या सेवा केंद्रात नेला, तर अनुक्रमांक पाहून तो आपला नव्हे, हे तेथील माणसास कळते. मग दुरुस्ती पैसे देऊन करावी लागते, आणि तीही ते केंद्र स्वीकारील तर. निकॉनची अमेरिकेतील कंपनी तर अनधिकृत मार्गाने त्या देशात आलेला, म्हणजे ज्याला ‘ग्रे मार्केट’ म्हणतात तो माल पैसे देऊनही दुरुस्त करून देत नाही.

सर्वांत फसवा शब्द ‘इंटरनॅशनल वॉरंटी’ हा. दुकानदार तो उच्चारतो, तेव्हा त्याचे तीन अर्थ संभवतात. एक, उत्पादक कंपनीने खरोखरच अनेक देशांत सेवा देण्याचे लेखी मान्य केलेले असते. कॅमेऱ्याच्या मूळ यंत्रापेक्षा लेन्सच्या बाबतीत हे अधिक वेळा आढळते. म्हणून बॉडी आणि लेन्स एकाच पेटीत आल्या, तरी दोहोंची हमी वेगवेगळी तपासावी. दोन, कंपनीचे हमीपत्र असते, पण ते त्या देशापुरते अथवा त्या विभागापुरते. तीन, हमी केवळ त्या दुकानाची असते. कॅमेरा बिघडला, तर तो त्याच दुकानाकडे पाठवावा लागतो. सांगलीत बसून हाँगकाँगच्या दुकानाशी असा व्यवहार करणे म्हणजे कुरियरचा खर्च, सीमाशुल्काची कागदपत्रे आणि अनेक आठवड्यांची प्रतीक्षा.

युरोपातील दोन वर्षांच्या हमीचाही मोठा गवगवा असतो. ती कायद्याने मिळते हे खरे. परंतु ती विक्रेत्यावर बंधनकारक आहे आणि विक्रेता राहतो पॅरिसला.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयात गेला आहे. सॅमसंगच्या प्रिंटरसंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये अशा समांतर आयातीस मुभा दिली. मात्र या मालाला कंपनीची हमी नाही आणि विक्रीनंतरची सेवा विक्रेता स्वतः देईल, हे ठळकपणे सांगण्याची अट घातली. तेव्हा मुंबईच्या एखाद्या दुकानात कॅमेरा संशयास्पद स्वस्त मिळत असेल, तर ‘भारतीय बिल आणि कंपनीची वॉरंटी आहे का?’ हा प्रश्न तेथेही विचारावा.

आता पैशांचा हिशेब. समजा, येथे १,२०,००० रुपयांना मिळणारा कॅमेरा परदेशात १,००,००० रुपयांना मिळाला. प्रवाशांच्या सामानाविषयीच्या २०१६ च्या नियमांत विमानाने परतणाऱ्या भारतीयाला साधारणतः ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर शुल्कमाफी होती आणि वरील रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क लागत असे. त्या दराने १९,२५० रुपये शुल्क होते. म्हणजे वीस हजारांच्या बचतीतून उरतात साडेसातशे, आणि त्यांच्या बदल्यात जाते येथील हमी! मर्यादा आणि दर बदलत असतात. निघण्यापूर्वी चालू आकडे घेऊन हाच हिशेब पुन्हा मांडावा. प्रवाशाला तिकडील कर परत मिळणार असेल, तर तोही त्यात धरावा.

सगळे परदेशी कॅमेरे टाळावेत, असे मात्र नाही. येथे न मिळणारे मॉडेल असेल किंवा सर्व शुल्क भरूनही मोठा फरक उरत असेल, तर एखादी दुरुस्ती पदरच्या खर्चाने करावी लागेल हे गृहीत धरून खरेदी करण्यात काही गैर नाही. जपानमध्ये घेताना मेनू तेवढा उघडून पाहावा. तेथील बाजारासाठी बनवलेल्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत भाषा केवळ जपानी असते आणि ती बदलता येत नाही. शिवाय कोणतीही हमी पडझड, पाणी वा वाळू यांमुळे झालेले नुकसान सहसा भरून देत नाही. आपल्या पावसाळ्यात लेन्सवर धरणारी बुरशीही त्यातलीच.

भाच्याला निरोप धाडण्यापूर्वी कंपनीच्या भारतातील सेवा केंद्राला मॉडेल आणि खरेदीचा देश कळवून लेखी उत्तर मागवावे. खरेदीनंतर मूळ बिल, शिक्का मारलेले हमीपत्र आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र एकत्र ठेवावे. आणि येथेच घेतलेला महागडा कॅमेरा परदेशी नेताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. परतताना त्याच कॅमेऱ्यावर शुल्क मागितले गेले, तर तो कागद दाखवता येतो.