बेवड, इरवड आणि कृषी-परिस्थितिकी : उटनूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

सेंद्रिय शेती, नैसर्गिक शेती, शाश्वत शेती हे शब्द आता अभ्यासक्रमातही येऊ लागले आहेत. त्यांच्या शेजारीच 'ॲग्रोइकॉलॉजी' अर्थात कृषी-परिस्थितिकी हा शब्द येतो. 'रासायनिक खते न वापरता केलेली शेती' असा त्याचा अर्थ सांगून आपण बहुधा पुढे जातो. हा अर्थ अपुरा आहे. प्रस्तुत लेखात आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर परिसराच्या आधारे या शास्त्राचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक कृषितज्ज्ञ नसून भाषेचा अध्यापक आहे; म्हणून सुरुवात शब्दांपासून केली आहे.

शब्दांतून दिसणारी शेती

आपल्या शेतीची भाषा दोन्हीकडून आलेली आहे. खरीप आणि रब्बी हे मूळ अरबी शब्द. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. हंगामांची ही नावे पेरणीवरून नव्हे, तर काढणीच्या ऋतूवरून पडलेली आहेत. 'मशक्कत' म्हणजे कष्ट. त्यावरून मराठीत 'मशागत' आली. मात्र या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन शब्द अस्सल शिवारातले आहेत : इरवड आणि बेवड.

मुख्य पिकात ठराविक अंतराने पेरलेली दुसऱ्या पिकाची, बहुधा कडधान्याची ओळ म्हणजे इरवड. एका पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, जो पुढच्या पिकाला लाभतो, तो बेवड. वर्गात 'बेवड' शब्दाचा अर्थ विचारला असता बहुतेक विद्यार्थी गप्प राहिले. एक विद्यार्थिनी म्हणाली, "आजोबा म्हणतात, तुरीच्या बेवडावर ज्वारी चांगली येते." कृषी-परिस्थितिकीचा निम्मा पाठ या एका वाक्यात आहे.

शास्त्राचे स्वरूप

'ॲग्रोइकॉलॉजी' हा शब्द रशियन कृषिशास्त्रज्ञ बेसिल बेन्सिन यांनी १९२८ च्या सुमारास वापरला. १९८० च्या दशकात मिगेल अल्तिएरी आणि स्टीफन ग्लिसमन यांनी त्याला व्यवस्थित शास्त्राचे रूप दिले. शेत ही एक परिसंस्था आहे, हे त्याचे गृहीतक होय. माती, पाणी, पीक, तण, कीड, किडीचा शत्रू, जनावरे आणि माणूस यांचे परस्परसंबंध कसे आहेत, हा त्याचा अभ्यासविषय. 'किती खत घालावे' या प्रश्नाऐवजी 'हे काम शेतातलाच कोणता घटक करू शकेल' हा प्रश्न येथे आधी विचारला जातो.

ज्वारी, तूर आणि मूग एकत्र पेरलेले शेत उदाहरणादाखल घेऊ. मूग साधारण दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो, ज्वारी चार महिन्यांच्या आत येते आणि तूर त्यानंतरही उभी राहते. तिघांची भूक एकाच वेळी लागत नाही. ज्वारीची तंतुमुळे वरच्या थरात पसरतात, तर तुरीचे सोटमूळ खोल जाते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. तुरीचा पालापाचोळा आणि मुळे कुजून त्यातील काही भाग पुढच्या पिकाला मिळतो. तुरीच्या मुळांतून स्रवणारी आम्ले तांबड्या जमिनीत लोहाशी बांधला गेलेला स्फुरद मोकळा करतात, असे हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले. आजोबांच्या बेवडाचा हा प्रयोगशाळेतला पुरावा म्हणता येईल.

अशा शेताचा हिशोबही निराळा करावा लागतो. समजा, एक एकर मिश्र पिकात ज्वारीचे उत्पादन निव्वळ ज्वारीच्या ८० टक्के आणि तुरीचे निव्वळ तुरीच्या ६० टक्के आले. दोन्ही पिके वेगवेगळी घेऊन एवढेच धान्य मिळवायचे तर १.४ एकर जमीन लागेल. यालाच जमीन समतुल्य गुणोत्तर म्हणतात. एकेका पिकाचा उतारा पाहिला तर मिश्र शेत तोट्यात दिसते. पूर्ण शेत पाहिले तर फायदा दिसतो.

उटनूरचा अनुभव

उटनूर परिसरात गोंड, कोलाम, परधान, लंबाडा आदी समाज राहतात. जमीन कोठे काळी व भारी, तर कोठे माथ्यावरची हलकी. पूर्वी हलक्या जमिनी काही वर्षे कसून पडीक टाकण्याची रीत होती. पडीक काळात जमीन पुन्हा सावरत असे. निजामकाळात राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि ही फिरती बंद पडत गेली. जमीन व जंगल यांच्या प्रश्नावरूनच कोमरम भीम यांचा लढा उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांना या भागात पाठविले. त्यांनी मारलवाई येथे राहून अभ्यास केला. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत यासाठी प्रयत्न झाले आणि गोंडी मुलांसाठी देवनागरीत वाचनपुस्तके तयार झाली.

दुसरा मोठा बदल कापसाने घडविला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी आटोक्यात आली, पण तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांवर बीटीचा परिणाम नव्हता. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात तेलंगण व महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

या संकटाचे परिस्थितिकीय कारण समजून घेण्यासारखे आहे. गुलाबी बोंडअळी प्रामुख्याने कापसावरच जगते. शिवारभर एकच पीक आणि त्यात फरदड घेऊन ते उन्हाळ्यापर्यंत उभे. म्हणजे अळीला अन्नाचा खंड पडतच नाही. फरदड टाळणे, पऱ्हाटी वेळेवर उपटणे आणि पिकांची फेरपालट करणे हा येथे औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील आदिवासी कापूस उत्पादकांबरोबर चेतना ऑरगॅनिक ही संस्था २००४ पासून सेंद्रिय कापसाचे काम करीत आली आहे. कापसाबरोबर अन्नपिकेही घेणे हा या कामाचा एक भाग आहे. कापसाचे भाव पडले तरी घरात ज्वारी आणि डाळ असते, हा त्यातला साधा पण मोठा आधार होय.

मर्यादा

या पद्धतीचे केवळ गुणगान करणे योग्य ठरणार नाही. रसायने सोडल्यावर पहिली काही वर्षे उत्पादन घटू शकते. मजुरी वाढते. मिश्र पिकाला बाजारात वेगळा भाव नसतो. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावी लागली. खत काढून घेतले, पण त्याचे काम करणारी व्यवस्था उभी केली नव्हती.

उटनूरच्या दृष्टीने सर्वांत कळीची मर्यादा मात्र काळाची आहे. बेवड हा पुढच्या वर्षाचा हिशोब आहे. ज्याने एका वर्षासाठी तोंडी मक्त्याने जमीन केली, त्याने दुसऱ्याच्या पुढच्या हंगामासाठी तूर का पेरावी? ज्याने बियाणे आणि खत उधारीवर उचलले, त्याला पहिल्या वेचणीलाच पैसा हवा असतो. त्याला पारंपरिक ज्ञान नाही असे नव्हे; त्याला पुढचे वर्ष आपले असण्याची खात्री नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्टे, रास्त कर्ज आणि डाळी-भरड धान्यांची खरेदी हे विषय म्हणूनच शेतीशास्त्राच्या बाहेरचे नाहीत.

अध्यापनातील उपयोग

कम्युनिटी कॉलेजमधील अध्यापकांना यावर एक छोटा प्रकल्प सहज घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील किंवा शेजारील वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत : या शेतात गेल्या पाच वर्षांत कोणती पिके झाली? पूर्वी कापसाच्या जागी काय होते? जमीन स्वतःची, बटाईची की मक्त्याची? उत्तरे गोंडी, कोलामी, लंबाडी, तेलुगू, उर्दू, मराठी अशा ज्या भाषेत मिळतील त्याच शब्दांत टिपावीत. विज्ञानाच्या अध्यापकाने पिकांची फेरपालट पाहावी, वाणिज्याच्या अध्यापकाने जमा-खर्च मांडावा आणि भाषेच्या अध्यापकाने शब्दसंग्रह करावा.

समारोप

कृषी-परिस्थितिकी हे जुन्या शेतीकडे परत जाण्याचे आवाहन नाही. जुन्या शेतात जे घडत होते ते का घडत होते, हे तपासून आजच्या शेतात वापरण्याचे ते शास्त्र आहे. उटनूरच्या एका विद्यार्थिनीला आजोबांचे वाक्य आठवते. ते वाक्य खरे का आहे, आणि आजोबांच्याच शेतात आज सलग कापूस का आहे, ही दोन्ही उत्तरे तिला वर्गात मिळाली पाहिजेत. पहिले उत्तर देणे तुलनेने सोपे आहे. दुसरे टाळले तर पहिल्याचाही उपयोग होणार नाही.