भेट अशी द्या, जी ओझं होणार नाही

दसरा उलटला की घराघरांत भेटवस्तूंच्या याद्या होऊ लागतात. साहेबांना काय द्यायचं, व्याह्यांकडे काय पाठवायचं, यावर नवरा-बायकोत चर्चा झडतात. पण धुणीभांडी करणाऱ्या बाई, इमारतीचा वॉचमन किंवा परिस्थितीनं मागे पडलेली नणंद यांची पाळी आली की कपाट उघडलं जातं. कुणीतरी दिलेला फ्लॉवरपॉट किंवा रंग न आवडलेली साडी बाहेर निघते आणि 'त्यांना काय, काहीही चालेल' असं म्हणून विषय संपतो.

हे 'काहीही चालेल'च समोरच्याच्या मनाला लागतं. पैसा कमी असला म्हणजे पारखही कमी असते, असं मुळीच नाही. उलट एकेक रुपया मोजून खर्च करणाऱ्याला कोणती वस्तू किती टिकेल, हे अधिक नेमकं कळतं.

लपलेला खर्च ओळखा

अशा घरी भेट देताना एकच कसोटी लावावी. ही वस्तू त्यांचा खर्च वाचवणार आहे की वाढवणार?

साडीचंच उदाहरण घ्या. फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई धरली तर साधी साडीही घेणाऱ्याला महागात पडते. म्हणून साडी द्यायचीच असेल तर फॉल-पिको करून द्या आणि सोबत शिलाईचे पैसे ठेवा. इंडक्शनची शेगडी दिसायला छान असते, पण तिच्यावर ॲल्युमिनियमची साधी भांडी चालत नाहीत. नवी भांडी आणि विजेचं बिल हा भार कुणावर पडणार?

त्यापेक्षा प्रेशर कुकर द्या. रोजचा गॅस वाचेल. घरात पाच-सहा माणसं असतील तर तीन लिटरचा शोभेचा कुकर देऊ नका, पाच लिटरचा द्या. आयएसआय चिन्ह पाहून घ्या. जादा रिंग सोबत द्या. किमतीचं लेबल काढा, पण गॅरंटी कार्ड आणि बिल पाकिटात घालून जरूर द्या. वस्तू बदलून घ्यायची वेळ आली तर त्यांना दुकानदारापुढे हात जोडावे लागणार नाहीत.

विचारण्यात कमीपणा नाही

'तुम्हाला काय हवंय?' असं एकदम विचारलं तर बहुतेकजण संकोचानं 'काही नको' म्हणतात. त्याऐवजी 'चादर घेऊ की डबे घेऊ?' असे दोन पर्याय पुढे ठेवा. उत्तर सहज मिळतं आणि निवड त्यांची राहते.

वेळही महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तर दिल्लीकडे बहुतेक शाळांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. वह्या, दप्तर, बूट त्याआधी हातात पडले तर उपयोग. मुंबई-कोकणात छत्री आणि ताडपत्री मे महिन्यात द्यावी, उत्तरेत रजई थंडी सुरू होण्यापूर्वी.

नात्यातला मान सांभाळा

नात्यात देणं अधिक नाजूक असतं. महागडी वस्तू मिळाली की परतीच्या आहेराची चिंता सुरू होते. अशा वेळी रीतीचा आधार घ्यावा. भाऊबीजेची ओवाळणी किंवा बाळंतविडा यांची परतफेड कुणी मोजत नाही. बाळंतविड्यात झबली-टोपडी असतातच. त्यात डिंकाचे, अळिवाचे लाडू आणि बाळंतिणीसाठी मऊ सुती गाऊन घातला तर तो खऱ्या अर्थानं कामाचा होतो. मात्र चारचौघांत 'आम्हीच सगळं केलं' असं सांगू नये.

रोख रकमेला कमी लेखू नका. लग्नात पाकीट देतोच ना आपण? कामवाल्या बाईंना दिवाळीला एका महिन्याचा पगार जादा देण्याची पद्धत अनेक शहरांत आहे. भेटवस्तू त्याच्याशिवाय असावी, त्याच्या बदली नव्हे.

न दिसणारी, पण मोलाची भेट

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघ्या २० रुपयांत २ लाखांचा अपघाती मृत्यू विमा मिळतो. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला तो घेता येतो. हप्ता दरवर्षी खात्यातून वळता होतो. फॉर्म भरायला अर्धा तास सोबत जाणं, हीच यातली खरी भेट. मात्र हप्त्यापुरती रक्कम मे महिन्यात खात्यात आहे ना, याची आठवण दरवर्षी करून द्या.

आणि जुने कपडे? ते जरूर द्या, पण सणाची भेट म्हणून नको. धुऊन, इस्त्री करून, तुटलेली बटणं लावून, 'वापरलेले आहेत, उपयोगी पडतील का?' असं विचारूनच द्या. फाटके, डागाळलेले कपडे पोतेऱ्यासाठी घरीच ठेवावेत. १९९९ साली दिल्लीत सुरू झालेल्या 'गूंज' संस्थेनं तर कपड्यांना दान मानलंच नाही. गावकरी रस्ता, विहीर, तळं अशी कामं करतात आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे दिले जातात. घेणाऱ्याची मान ताठ राहावी, हा त्यामागचा विचार.

दिवाळीच्या यादीत वॉचमनचं किंवा बाईंचं नाव लिहाल, तेव्हा त्यापुढे वस्तू लिहिण्याआधी त्यांच्या घरात माणसं किती, मुलं कितवीत, हे लिहून पाहा. तेवढंही ठाऊक नसेल, तर खरेदीला निघण्यापूर्वी दोन शब्द त्यांच्याशी बोला.