अंगदुखीची गोळी : कोणती, केव्हा आणि किती दिवस?



तोडणीच्या हंगामात "आंग ठणकून राह्यलं डाक्टरसाहेब, एक सुई मारा" ही मागणी आपल्या वडनेर भागात नेहमीची. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. म्हणून थोडी माहिती देत आहोत.

सारे दुखणे एका जातीचे नसते. मोळी उचलताना कंबरेत उसण भरली, तर पॅरासिटामॉल, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस जेवणानंतर डायक्लोफेनॅक चालते. हीच डायक्लोफेनॅक महिनोन् महिने रोज घेतली, तर जठरात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. उन्हात राबून पाणी कमी पिणाऱ्याला धोका अधिक. जनावरांसाठी हे औषध आपल्या देशात २००६ साली बंद झाले, कारण औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण इशारा ध्यानात घ्यावा.

दुसऱ्या जातीचे दुखणे म्हणजे फायब्रोमायल्जिया. तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांग दुखते, झोपूनही थकवा जात नाही आणि तपासण्या मात्र चांगल्या येतात. बायकांत हे जास्त आढळते. घरचे म्हणतात, "हिला कामाचा कंटाळा." तसे नाही. सांध्याला सूज नसते. मेंदू आणि मज्जातंतूच वेदना वाढवून दाखवतात. म्हणून सुजेची गोळी इथे फारशी लागू पडत नाही. डॉक्टर रात्री अमिट्रिप्टिलीनची लहान मात्रा, किंवा ड्युलोक्सेटिन, प्रीगाबॅलिन देतात. यांतली काही औषधे मनाच्या आजारावरही देतात. म्हणून कोणी आपल्याला वेडे ठरवले असे समजू नये. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. गुंगी येत असेल तर ट्रॅक्टर चालवू नये. रोजचे चालणे, हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि वेळेवर झोप हा औषधाइतकाच मोठा उपाय आहे.

ट्रामाडॉलची सवय लागते. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असू शकते. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

वर्षभर गोळ्या चालू असतील, तर रिकामी पाकिटे घेऊन सरकारी दवाखान्यात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जावे आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्यावी. काळी शौच, पायांना सूज किंवा हातपाय बधिर झाले, तर एक दिवसही थांबू नये.

उसाला खत माती पाहून देतो. गोळीही दुखणे पाहूनच घ्यावी, ही विनंती.